सदैव कर्तव्यावर : पोलिसाच्या घराचा इतिहास

मुंबई पोलीस अधिनियम हा १९५१ सालचा कायदा. पुढे त्याचे नाव 'महाराष्ट्र पोलीस अधिनियम' असे झाले. त्याचे २८ वे कलम सांगते की, जो पोलीस रजेवर किंवा निलंबित नाही, तो ह्या कायद्याच्या सर्व प्रयोजनांसाठी सदैव कर्तव्यावर आहे असे मानले जाईल, आणि राज्याच्या कोणत्याही भागात त्याला केव्हाही कामास लावता येईल. कायद्याची भाषा कोरडी असते आणि ती तशी असावीही. पण हे कलम एखाद्या शिपायाच्या पत्नीच्या नजरेने वाचून पाहावे. तिचा नवरा तिचा केव्हा? तर तो रजेवर असताना, किंवा त्याच्यावर निलंबनाची नामुष्की ओढवली असताना. एरवी जेवताना, झोपेत, मुलाच्या बारशाला पाटावर बसलेला असतानाही तो कायद्याच्या लेखी कामावरच असतो.

पोलिसांवरील ताण हा विषय अलीकडे वरचेवर चर्चेस येतो. एखाद्या हवालदाराची आत्महत्या होते, एखाद्या अधिकाऱ्याच्या घरातील कलह वर्तमानपत्रात येतो, आणि मग चार दिवस समुपदेशन, योगवर्ग, आरोग्यतपासणी ह्यांविषयी बोलले जाते. हे उपाय वाईट नाहीत. मात्र त्यांच्यामागे एक गृहीत दडलेले असते : ताण हा त्या माणसाच्या मनात उत्पन्न होतो, तेव्हा त्याचे मन दुरुस्त केले की काम झाले. आम्हांला हे गृहीत तपासून पाहावेसे वाटते. पोलिसाच्या दांपत्यजीवनातील ओढाताणीला इतिहास आहे. कायदा, घड्याळ आणि खोली ह्या तीन गोष्टींनी ती घडवली आहे, आणि ह्या तिन्ही गोष्टी त्या जोडप्याच्या हातात कधीच नव्हत्या.

प्रथम कायदा. हिंदुस्थानातील आधुनिक पोलीसदलाचा आराखडा लंडनच्या पोलिसांपेक्षा आयर्लंडच्या पोलिसांवर बेतलेला होता, हे सर्वमान्य आहे. १८४३ साली सिंध जिंकल्यावर चार्ल्स नेपियरने तेथे जे पोलीसदल उभारले, त्याचा नमुना आयरिश कॉन्स्टॅब्युलरीचा होता. जनतेपासून अलग, सशस्त्र, बराकीत राहणारे आणि वरच्या हुकमावर चालणारे असे ते दल. ह्या आयरिश दलाचे विवाहविषयक नियम पाहण्यासारखे आहेत. शिपायाला नोकरीची सात वर्षे पूर्ण झाल्याखेरीज लग्न करता येत नसे, आणि त्यानंतरही वरिष्ठांची परवानगी लागे. त्याची नेमणूक त्याच्या स्वतःच्या परगण्यात होत नसे. इतकेच नव्हे, तर पत्नीच्या माहेरच्या परगण्यातही होत नसे. सोयरीक म्हणजे स्थानिकांशी जवळीक, आणि जवळीक म्हणजे निष्ठेला धोका, असा तो हिशेब होता. म्हणजे पोलिसाचे लग्न ही त्याची खाजगी बाब नाही, हे तत्त्व आपल्याकडील पोलीसदलाच्या मूळ साच्यातच होते.

१८५७ च्या उठावानंतर, १८६१ साली, पाचवा कायदा आला. त्याच्या २२ व्या कलमात 'सदैव कर्तव्यावर' ही कल्पना आली. मुंबई इलाख्याने स्वतःचे निराळे कायदे केले : जिल्ह्यांसाठी १८६७ चा व पुढे १८९० चा, मुंबई शहरासाठी १९०२ चा. स्वातंत्र्यानंतर १९५१ च्या कायद्याने ह्या साऱ्यांची जागा घेतली. राज्य बदलले, झेंडा बदलला, मात्र चोवीस तासांवरील हक्क तसाच राहिला. लग्नासाठी परवानगी घेण्याचा आयरिश नियम आपल्याकडे त्या रूपात रुजला नाही. आपल्याकडे त्याची गरजच नव्हती. लग्न होऊ द्यावे आणि नवऱ्याला घरी येऊ देऊ नये, हा अधिक सोपा मार्ग कायद्यात उपलब्ध होता.

ह्या घरांचा इतिहास लिहायचा तर साधने कोणती? मुंबई शहर पोलिसांचा जुना इतिहास एस. एम. एडवर्ड्स ह्यांनी लिहिला. तो १९२३ साली प्रसिद्ध झाला. ते स्वतः १९०९ ते १९१६ ह्या काळात मुंबईचे पोलीस आयुक्त होते. त्यांच्या ग्रंथाची रचना एकामागून एक आयुक्तांच्या कारकिर्दींनुसार आहे. दंगली, दरोडे, मोहरमचे बंदोबस्त, दलाची संख्या हे सारे त्या रचनेत बसते. रात्री तीन वाजता जेवण गरम करणारी बाई तीत बसत नाही. तिने डायरी ठेवली नाही आणि तिच्याविषयी कोणी टिपण लिहिले नाही. म्हणून तिचा शोध आपल्याला आडवाटेने घ्यावा लागतो : घरांच्या नकाशांतून, कामाच्या तासांच्या अहवालांतून, आणि एखाद्या कथेतून किंवा चित्रपटातून.

आधी घर पाहू. १९२० नंतरच्या काही वर्षांत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. ह्याच त्या बीडीडी चाळी. तळमजला अधिक तीन मजले, लांबट सामायिक मार्गिका, प्रत्येक मजल्यावर सामायिक शौचालये, आणि साधारण १६० चौरस फुटांची एकेक खोली. ह्या चाळींत गिरणी कामगार राहिले आणि पोलीसही राहिले. एका खोलीत नवरा-बायको, मुले, बहुधा गावाहून आलेला धाकटा भाऊ किंवा म्हातारी आई. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी आठला झोपणार तो ह्याच खोलीत, जिथे त्याच वेळी मुलांची शाळेची घाई चालू असते. "हळू बोला, बाबा झोपलेत," हे वाक्य पोलीस लायनीत वाढलेल्या पिढ्यांच्या कानात अजून असेल. ह्या एका वाक्यात त्या घराची सगळी व्यवस्था आली. घर त्याच्या झोपेभोवती पाऊल न वाजवता फिरत असे, आणि झोप संपली की तो पुन्हा निघून जात असे.

अशा खोलीत दोन माणसांचे एकमेकांशी बोलणे केव्हा व्हायचे? एकांत ही गोष्ट वेळ आणि जागा ह्या दोहोंनी बनते. गिरणी कामगाराला जागा नव्हती, पण वेळेला निदान कुंपण होते. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने त्याचा आठवडा ४८ तासांचा ठरवला होता. पाळी संपल्याचा भोंगा होई, आणि तो ऐकून शेजारच्या खोलीतली बाई चहाचे आधण ठेवू शके. पोलिसाच्या खोलीत भोंगा ऐकू येई तो शेजाऱ्याचा. एकाच मजल्यावर एकाच नळाला पाणी भरणाऱ्या ह्या दोन बायकांत फरक होता तो एवढाच की, एकीला नवरा केव्हा येणार हे ठाऊक असे.

शिवाय खोली नोकरीची. नोकरी गेली की खोली गेली. निवृत्ती आली की खोली सोडायची. पती गेला तरी तेच. घरभाड्यापासून सुटका देणारी ही सोय पत्नीला एका निराळ्या धाकात ठेवी. नवऱ्याचे निलंबन म्हणजे केवळ त्याची बदनामी नव्हे, तर उद्याच्या छपराचा प्रश्न, हे जिला ठाऊक आहे, ती त्याच्याविरुद्ध तक्रार करताना दहा वेळा विचार करणार. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात, तेथे दीर्घकाळ राहिलेल्या पोलीस कुटुंबांना घर मालकीने द्यावे की नाही आणि कोणत्या किमतीला, ह्यावर बरीच घासाघीस झाली. २०२२ साली ती किंमत १५ लाख रुपयांवर येऊन थांबली. पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले घर आपले आहे की नाही, हे कळायला त्या कुटुंबांना शंभर वर्षे लागली.

आता घड्याळ. स्वातंत्र्योत्तर काळात पोलिसाच्या तासांची पहिली मोठी दखल राष्ट्रीय पोलीस आयोगाने घेतली. धर्मवीर ह्यांच्या अध्यक्षतेखालील हा आयोग १९७७ च्या नोव्हेंबरात नेमला गेला आणि १९७९ ते १९८१ ह्या काळात त्याने आठ अहवाल दिले. फेब्रुवारी १९७९ चा पहिला अहवाल मुख्यत्वे शिपायांविषयी आहे. कनिष्ठ पोलिसांचे काम दिवसाला दहा ते सोळा तास, आणि तेही आठवड्याचे सातही दिवस चालते, हे त्यात नोंदलेले आहे. ऑर्डर्ली पद्धतीवरही आयोगाने टीका केली. ही पद्धत म्हणजे वरिष्ठांच्या घरी शिपायांना घरगडी म्हणून राबवणे. स्वतःच्या मुलाला शाळेत सोडायला ज्याला सवड नाही, त्याने साहेबांच्या मुलाला शाळेत सोडावे, ह्यातील अपमान तो घरी येऊन कोणाला सांगणार? सांगितला तर बायकोच्या नजरेत आपण लहान होऊ, ही भीती असतेच. न सांगितलेला अपमान मात्र घरात दुसऱ्या वाटेने बाहेर पडतो.

तक्रार सामूहिकरीत्या मांडण्याची वाटही अरुंद होती. १९६६ च्या कायद्याने पोलीसदलांच्या संघटनास्वातंत्र्यावर निर्बंध घातले होते. तरीही मुंबईत शिपायांची संघटना उभी राहिली. १९८२ च्या १५ ऑगस्टला शिपायांनी काळ्या फिती लावल्या. १८ ऑगस्टला सरकारने कारवाई केली. संघटनेच्या नेत्यांना अटक झाली, शहरात लष्कर व निमलष्करी दले आली, वरळी आणि नायगावच्या पोलीस वसाहतींना वेढा पडला. बाबासाहेब भोसले तेव्हा मुख्यमंत्री होते. त्याच वर्षी जानेवारीत सुरू झालेला गिरणी संप चालूच होता, आणि त्या दिवसांत गिरणी कामगारही रस्त्यावर उतरले. कालपर्यंत ज्यांच्यावर लाठी चालवायची होती ते शेजारी आज सोबतीला होते.

ह्या घटनेकडे शिस्तभंग म्हणून पाहिले गेले, आणि कोणत्याही सरकारला सशस्त्र दलाचे बंड चालवून घेता येत नाही हेही खरे. आमचे लक्ष दुसऱ्या एका गोष्टीकडे जाते. वेढा पडला तो वसाहतींना, म्हणजे घरांना. कामगारांचा संप कारखान्याच्या दारात मोडला जातो. पोलिसांचा संप त्यांच्या बायकामुलांच्या दारात मोडला गेला, कारण त्यांच्या घराला आणि कामाच्या जागेला वेगळे दारच नव्हते.

त्यानंतर वर्षभरात, १९८३ साली, 'अर्धसत्य' आला. श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानींचे दिग्दर्शन. फौजदार अनंत वेलणकर आणि रामा शेट्टी ह्यांचा संघर्ष सर्वांना आठवतो. आम्हांला त्या चित्रपटातील दोन घरे अधिक महत्त्वाची वाटतात. एक घर अनंतच्या वडिलांचे. तेही पोलीस खात्यातले, बायकोवर हात उगारणारे. ते पाहत वाढलेल्या मुलाच्या मनात बापाविषयी घृणा आहे, आणि बापाच्याच हट्टाने तो त्याच खात्यात आला आहे. दुसरे घर अजून व्हायचे आहे : अनंत आणि ज्योत्स्ना गोखले ह्यांचे. ज्योत्स्ना प्राध्यापिका आहे, विचार करणारी आहे. तिला तो आवडतो, पण त्याच्या हातातली हिंसा तिला दिसते. ठाण्यात पचवलेल्या अपमानांचे वजन वाढत जाते, दारू वाढत जाते, आणि हे घर उभे राहण्याआधीच खचते. अनंत बापासारखा होऊ नये म्हणून आयुष्यभर झगडतो. त्याला बापाच्या वाटेवर पुन्हा ओढते ती व्यवस्था. मात्र तेंडुलकर आणि निहलानी ज्योत्स्नेला क्षमाशील पत्नी करत नाहीत. ताण समजून घेणे म्हणजे मार सोसणे नव्हे, हे ती आपल्या वागण्यातून सांगते. आमच्या मते पोलिसाच्या खाजगी आयुष्याविषयी ह्याहून प्रामाणिक विधान आपल्याकडे क्वचितच झाले असेल.

कारण येथे एक धोका आहे, आणि तो मान्य करूनच पुढे गेले पाहिजे. 'साहेबांना फार ताण असतो' हे वाक्य घरातील हिंसेवर पांघरूण म्हणून सहज वापरता येते. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा कायदा २००५ साली आला. पण पोलिसाच्या पत्नीने तक्रार घेऊन जायचे कोठे? बहुधा त्याच ठाण्यात, जिथे तिच्या नवऱ्याचे सहकारी टेबलापलीकडे बसलेले असतात. व्यवस्था कठोर आहे म्हणून माणूस कठोर झाला, हे कारण झाले. समर्थन झाले नाही. कारण शोधायचे ते पुढच्या घराला वाचवता यावे म्हणून.

ह्या संबंधांची झीज मोजायची कशी, हाही प्रश्नच आहे. पोलिसांत घटस्फोटांचे प्रमाण अफाट असते, अशी समजूत अमेरिकेत दीर्घकाळ रूढ होती. मॅक्कॉय आणि आमॉट ह्या दोन संशोधकांनी २००० सालच्या जनगणनेची आकडेवारी तपासली. त्यांचा निबंध २०१० साली छापून आला. पोलीस व तत्सम सेवांत विभक्त झालेल्यांचे प्रमाण सुमारे साडेचौदा टक्के निघाले, तर सर्व व्यवसायांचे मिळून सुमारे सतरा. समजूत खोटी ठरली. पण ह्यावरून सारे आलबेल आहे असे म्हणता येईल का? आपल्याकडे तर मुळीच नाही. जिथे घर नोकरीचे, माहेर दूर आणि घटस्फोट हा कलंक, तिथे लग्न टिकते. आत काय टिकले हे कोणत्याही जनगणनेच्या रकान्यात येत नाही. ठाण्यात दिवसभर संशय घेणे, दरडावणे, चेहऱ्यावर काही न दाखवणे हीच कामाची कौशल्ये. ती उंबऱ्याबाहेर काढून ठेवायला जो वेळ लागतो, तोच त्याला मिळत नाही. सकाळी रुळावरचा मृतदेह उचललेला माणूस संध्याकाळी "आज काय झालं?" ह्या प्रश्नाला "काही नाही" असे उत्तर देतो. हे उत्तर तो बायकोला जपण्यासाठी देतो. वर्षानुवर्षे तेच ऐकून ती विचारणे सोडते.

तासांचे वास्तव अलीकडेही फारसे बदललेले नाही. पोलीस संशोधन व विकास ब्यूरोसाठी २०१४ साली झालेल्या देशव्यापी अभ्यासात, ठाण्यांतील जवळजवळ ९० टक्के कर्मचारी आठ तासांहून अधिक आणि दोन तृतीयांशांहून जास्त कर्मचारी अकरा तासांहून अधिक काम करताना आढळले. २०२१ साली तामिळनाडूच्या पोलीस महासंचालकांनी साप्ताहिक सुट्टीबरोबर वाढदिवस आणि लग्नाचा वाढदिवस ह्या दिवशी रजा देण्याचा आदेश काढला. आदेश चांगला होता. पण लग्नाचा वाढदिवस साजरा करायला सरकारी हुकूम लागावा, ह्यातच सारे आले.

महाराष्ट्रात एक प्रयोग अधिक मूलगामी होता. २०१६ च्या मे महिन्यात मुंबईच्या देवनार ठाण्यात आठ तासांची पाळी सुरू झाली. तिची आखणी तेथीलच एका कर्मचाऱ्याने मांडली होती आणि तत्कालीन आयुक्त दत्ता पडसलगीकर ह्यांनी ती उचलून धरली. पुढच्या वर्षाच्या आरंभी ती शहरातील इतर ठाण्यांत नेण्यात आली. पोलिसाच्या आयुष्यात भोंगा वाजण्याची ती सुरुवात होती. नंतर मनुष्यबळाच्या तुटवड्याने ही व्यवस्था ढिली पडत गेली. तरी आठ तासांत ठाणे चालू शकते, हे एकदा दिसून आले ते आलेच.

त्यानंतरची घडामोड अधिक बोलकी आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये पोलीस महासंचालक संजय पांडे ह्यांनी महिला पोलिसांसाठी बाराऐवजी आठ तासांचा दिवस जाहीर केला. आधी काही घटकांत प्रयोग म्हणून, आणि जानेवारी २०२२ पासून राज्यभर. स्त्रियांना नोकरीबरोबर घरही पाहावे लागते, हे त्यामागचे कारण. निर्णय दिलासा देणारा होता, त्याविषयी वाद नाही. पण त्याचे तर्कशास्त्र तपासले तर काय दिसते? स्त्रीला आठ तास, कारण घर तिचे आहे. पुरुषाला बारा, म्हणजे घर त्याचे नाही. आयरिश दलाने शिपायाला सात वर्षे अविवाहित ठेवले; आपण त्याला विवाहित ठेवून गृहस्थपणातून मोकळे केले. पोलिसाच्या पत्नीला हवी आहे ती सहानुभूती नव्हे, नवरा हवा आहे. तिच्या नवऱ्यालाही घर आहे एवढे राज्याने मानले, तर पुष्कळ झाले.

शेवटी एका पत्नीची आठवण काढतो, जिचे नाव सार्वजनिक इतिहासात नोंदले गेले आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अपर पोलीस आयुक्त अशोक कामटे मुंबईत धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नी विनीता कामटे ह्यांनी त्या रात्री नेमके काय झाले हे जाणून घेण्यासाठी माहितीच्या अधिकाराखाली नियंत्रण कक्षातील संभाषणांच्या नोंदी मागवल्या, त्या ओळ न् ओळ वाचल्या, आणि २००९ साली त्यावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांचा लढा सत्यासाठी होता. आम्हांला त्यात आणखीही काही दिसते. नवऱ्याचे शेवटचे तास पत्नीला कळले ते बिनतारी यंत्रावरच्या नोंदींतून, अर्ज करून. असामान्य प्रसंगात जे एका घरात घडले, ते सामान्य दिवसांत हजारो घरांत रोज थोडेथोडे घडत असते. ठाण्याच्या डायरीला ठाऊक असते तो कोठे आहे, कोणाबरोबर आहे, किती वाजता निघाला. घरी ताटावर झाकण घालून बसलेल्या बाईला ते ठाऊक नसते.

२८ वे कलम उद्या कोणी रद्द करील असे नाही, आणि आणीबाणीच्या वेळी पोलिसाला हाक मारता आलीच पाहिजे, हेही आम्ही नाकारत नाही. पण हाक मारता येणे वेगळे, आणि कधीच न सोडणे वेगळे. गेल्या दीडशे वर्षांत आपण हा फरक केला नाही. त्या न केलेल्या फरकाची किंमत अंदाजपत्रकात कोठे दिसत नाही, कारण ती तेथे भरली गेलेलीच नाही. ती १६० चौरस फुटांच्या खोल्यांत भरली गेली, रोज, हळू आवाजात, बाबा झोपलेले असताना.